‘इल्मॅटिक’ पाच बैठकांत कसा ऐकावा आणि त्यावर कसं लिहावं

अल्बम आवडला की आपण लिहितो ‘एक नंबर’, ‘आग’, ‘बाप माणूस’. ग्रुपवर तेवढं पुरतं. पण ज्याने तो ऐकलेलाच नाही त्याला यातून काहीच कळत नाही. म्हणून एक नियम सुरुवातीलाच लावून घ्या: ज्या विशेषणाशेजारी ट्रॅकचं नाव आणि मिनिट-सेकंद लिहिता येत नाही, ते विशेषण खोडायचं. पुढची सगळी खटपट त्या मिनिट-सेकंदांसाठीच आहे.

सरावाला अमेरिकन रॅपर नासचा ‘इल्मॅटिक’ हा अल्बम घेतला आहे. १९ एप्रिल १९९४ ला कोलंबिया रेकॉर्ड्सने तो काढला, तेव्हा नास वीस वर्षांचा होता. दहा ट्रॅक, त्यातला पहिला नुसता प्रवेश, आणि सगळं मिळून जेमतेम ४० मिनिटं. पुन्हा पुन्हा ऐकायला हा आटोपशीरपणा फार सोयीचा पडतो, आणि अल्बमची अर्धी ताकदही त्यातच आहे.

आधी फोन नीट करा

अ‍ॅपमध्ये शोधलं की एकापेक्षा जास्त ‘इल्मॅटिक’ समोर येतात. २००४ आणि २०१४ च्या वर्धापनदिन आवृत्त्यांना रीमिक्स आणि जादा गाणी जोडलेली आहेत. तुम्हाला दहा ट्रॅकची मूळ आवृत्ती हवी. शिव्या गाळलेली ‘क्लीन’ आवृत्ती टाळा. शब्द जिथे गाळला जातो तिथे लयीत भोक पडतं आणि दोष नासच्या माथी जातो.

सेटिंगमध्ये शफल बंद, क्रॉसफेड बंद, इक्वलायझर बंद, आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशनही बंद. क्रॉसफेड चालू राहिला तर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि ‘लाइफ्स अ बिच’च्या शेवटी ओलू दारा वाजवतो त्या कॉर्नेटचे शेवटचे सूर मिसळून वाया जातात. (ओलू दारा हे नासचे वडील. अल्बममधला हा सर्वांत हळवा क्षण एकही शब्द न बोलता येतो.) गाणी आधी डाउनलोड करून ठेवा, नाहीतर नेटवर्क गेलं की क्वालिटी आपोआप खाली येते.

इयरफोन वायरचे असले तर उत्तम. ब्लूटूथ चालेल, पण ‘बास बूस्ट’ काढा. तो चालू असेल तर किक ड्रम इतका फुगतो की ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’मधला खालच्या पट्टीतला पियानो त्याखाली गाडला जातो. दोस्तासोबत एक-एक कान वाटून घेण्याची सवय या पाच दिवसांपुरती सोडा. डाव्या-उजव्या बाजूला वेगळं ठेवलेलं अर्धं संगीत तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

सगळं नीट बसलं का, हे पहिला ट्रॅक ‘द जेनेसिस’ सांगतो. त्याची सुरुवात डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या आवाजाने होते. चाकांच्या कर्कश्शपणाखाली जडशीळ घरघर ऐकू आली पाहिजे. नुसती किरकिर आली तर इयरफोन कानात नीट बसलेले नाहीत, किंवा ते बदलण्याच्या लायकीचे आहेत.

जागेचंही बघा. सोलापूरच्या पूर्व भागात घराशेजारी यंत्रमाग चालू असेल तर मान गाण्यावर न हलता मागाच्या खटखटीवर हलायला लागते, आणि हे आपलं आपल्याला कळत नाही. माग बंद असण्याची वेळ धरा. मे महिन्यात पंखा बंद करा असं सोलापुरात कुणाला सांगणार? मग एकवर ठेवा, निदान ठोके मोजण्याच्या बैठकीपुरता. जानेवारीत गड्ड्याची जत्रा चालू असताना होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी हा उद्योग फेब्रुवारीवर ढकलावा.

पहिली बैठक, आणि दुसरी

पहिल्या दिवशी वही नको, शब्दांचा कागद नको, फोन उलटा ठेवा. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सलग ऐका. संपल्यावर, पुन्हा न ऐकता, आठवणारी तीन ठिकाणं लिहून काढा. ती पुढे बदलतील, पण पहिली यादी जपून ठेवा.

दुसऱ्या दिवशी शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त ठेका. धम-टाक-धम-टाक: ‘टाक’ म्हणजे स्नेअर, तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. चार ठोक्यांचा एक बार. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजतात तसंच करा: एका बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार, म्हणजे एक बोट एक बार. अंगठ्याने मोजत चार बोटं संपली की चार बार. असा हात चारदा फिरला की सोळा बार, म्हणजे रॅपमधल्या नेहमीच्या एका व्हर्सची (कडव्याची) लांबी.

‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ची गती मिनिटाला ८४ ठोक्यांच्या आसपास आहे. म्हणजे एक बार पावणेतीन सेकंदांहून थोडा जास्त, आणि सोळा बार साधारण ४६ सेकंदांचे. आता पहिला व्हर्स मोजा. हात चारदा फिरतो, नास थांबत नाही. पाचव्यांदा फिरतो, तरी नाही. सोळाचा साचा मोडून तो कुठवर जातो ते तुम्हीच मोजा आणि आकडा वहीत लिहा. ‘दमदार फ्लो’ (फ्लो म्हणजे शब्द ठेक्यावर बसवण्याची ढब) या दोन शब्दांच्या जागी हा आकडा गेला की परीक्षणाला वजन येतं. मोजणी दोनदा करा. बहुतेकांची पहिल्या वेळी चुकते, कारण शब्दांच्या नादात अंगठा एक पेर सोडून पुढे जातो.

तिसरी बैठक: शब्द

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. दोन दिवस लागले तरी चालेल.

शब्द इंटरनेटवर मिळतात, पण त्यातले बरेचसे चाहत्यांनी ऐकून उतरवलेले असतात, तेव्हा चुका धरूनच चाला. कागद समोर ठेवून गाणं लावू नका. डोळे कानापुढे धावतात, आणि यमक ऐकू येण्याआधीच दिसतं. आधी एक कडवं ऐका, थांबवा, मग वाचा, मग पुन्हा ऐका.

चौकटीची वही घ्या. एक ओळ म्हणजे एक बार, चार चौकटी म्हणजे चार ठोके. ज्या शब्दावर स्नेअर पडतो त्याला गोल करा. जिथे श्वास ऐकू येतो तिथे तिरपी रेघ मारा. मग सारख्या आवाजाचे शब्द एका रंगाने रंगवा. स्पेलिंग पाहू नका, स्वर पाहा.

‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’च्या पहिल्या व्हर्सची सुरुवात घेऊ. त्यात लागोपाठ येतात ‘मंकी फ्लिप एम’ आणि ‘फंकी रिदम’. मंकीला फंकी, ‘फ्लिप एम’ला ‘रिदम’: एक शब्द एका शब्दाशी नाही, तर अख्खा तुकडा तुकड्याशी जुळवलेला आहे. पुढे ‘किकिन’, ‘म्युझिशियन’, ‘इन्फ्लिक्टिन’, ‘कॉम्पोझिशन’. हे सगळे रंगवून बघा: फ्लिप, रिदम, किकिन, झिशन, फ्लिक, झिशन. आघात पडतो तिथे प्रत्येक वेळी तोच ऱ्हस्व ‘इ’. सुरुवातीच्या काही सेकंदांतच एका स्वराची माळ ओवून झाली, आणि त्यात ओळीचं टोक कुठे आलं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

सोलापूरच्या माणसाला आतल्या यमकाची ओळख नव्याने करून द्यायला नको. शाहीर राम जोशी याच गावचे. त्यांच्या ‘सुंदरा मनामध्ये भरली’ या सर्वांत गाजलेल्या लावणीत ‘भरली’, ‘ठरली’, ‘शिरली’ अशी यमकं एकामागून एक येऊन आदळतात. ती लावणी मोठ्याने म्हणा आणि लगेच नासची ती ओळ लावा. फरकही ऐकू येईल: लावणीत यमक नेमक्या ठरलेल्या जागी पडतं आणि ऐकणारा त्याची वाट बघत असतो, नास जागा सरकवत नेतो, कधी ठोक्यावर, कधी ठोक्याच्या मधे. वहीतले गोल आणि रंग एकाच शब्दावर किती वेळा पडतात आणि किती वेळा चुकतात, ते मोजा. हा चुकारपणाच त्याचा फ्लो.

ज्यांच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड-दखनी आणि शाळेत मराठी, त्यांना हे काम सोपं जातं. अर्थ न लागताही आवाज पकडायची सवय कानाला असतेच.

आवाजाचं झालं की अर्थ. ‘वन लव्ह’ तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांसारखं रचलं आहे. तिसऱ्या कडव्यात पत्र मागे पडतं आणि नास बाकावर बारा वर्षांच्या, ड्रग विकणाऱ्या पोराशी बोलत बसतो. आवाज चढत नाही, उपदेशाचा सूर लागत नाही. इथे ‘सामाजिक भान’ असा शब्द वापरायचा मोह होईल. तो वापरण्यापेक्षा पोराचं वय लिहा.

चौथी बैठक: लूप कुठून आला

सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून कापलेला तुकडा, लूप म्हणजे त्याचं आवर्तन. चादरीच्या जकार्ड मागावर पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते आणि तीच नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. पुठ्ठे तेच ठेवून धाग्याचा रंग बदलला की चादर निराळी दिसते. लूपचंही तसंच असतं, म्हणून ‘तेच तेच वाजतंय’ ही टीका नाही झाली. त्याच्याभोवती काय बदललं, ते बघायचं.

ओळखीच्या तुकड्यापासून सुरू करा. ‘इट एन्ट हार्ड टु टेल’मध्ये प्रोड्युसर (गाण्याचं संगीत रचणारा) लार्ज प्रोफेसरने मायकल जॅक्सनचं ‘ह्युमन नेचर’ वापरलं आहे. दोन्ही पाठोपाठ लावा. मग ‘द वर्ल्ड इज युअर्स’: पीट रॉकने अहमद जमालच्या पियानोचा तुकडा घेतला, मूळ रचना ‘आय लव्ह म्युझिक’, १९७० ची. ती पूर्ण ऐका आणि नेमका तुकडा कुठे येतो ते घड्याळ लावून शोधा. घाई केली तर हुकतो, कारण मूळ वादनात तो वाहत्या पाण्यासारखा येऊन निघून जातो. एवढ्या लांब रचनेतून नेमके तेवढेच सेकंद उचलण्यात पीट रॉकचं कसब आहे. ‘लाइफ्स अ बिच’साठी गॅप बँडचं ‘यर्निंग फॉर युअर लव्ह’ ऐका. प्रत्येक जोडीसाठी वहीत तीन गोष्टी: काय घेतलं, वेग किंवा पट्टी बदलली का, आणि काय सोडून दिलं. तिसरी सर्वांत महत्त्वाची.

अल्बमवर डीजे प्रीमियर, लार्ज प्रोफेसर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस. असे पाच प्रोड्युसर आहेत. पाच जणांच्या हातचं जेवण असूनही ताट एकाच घरचं वाटतं, आणि का वाटतं हे तुमच्या परीक्षणात यायला हवं. आमचं मत: ड्रमचा धुळकट पोत जवळपास सगळीकडे सारखा आहे आणि पाहुणा रॅपर एकच, एझी.

पाचवी बैठक: लिहिताना

नासच्या वस्तीचा संदर्भ दोन ओळींत संपवा. क्वीन्सब्रिज हाउसेस ही न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली सरकारी वसाहत, ९६ इमारती आणि ३,००० हून जास्त घरं. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी कामगारांच्या घरकुलाशी तुलना करायचा मोह होतो, पण ती टिकत नाही. घरकुल कामगारांनी लढून मिळवलं. क्वीन्सब्रिजच्या गाण्यांत क्रॅक कोकेनचा धंदा, पोलीस आणि तुरुंग आहे. घरं दाटीवाटीने उभी आहेत एवढ्यावर साम्य संपतं.

‘द सोर्स’ या हिप-हॉप मासिकाने याला पाच माइक, म्हणजे पूर्ण गुण, दिले हे खरं, पण त्याने सुरुवात करू नका. दुसऱ्याचे गुण आधी सांगितले की आपलं मत त्यांच्या सावलीत जातं. सुरुवात पहिल्या दिवशीच्या तीन ठिकाणांपैकी एकापासून करा, मिनिट-सेकंदासह.

उणं लिहायला कचरू नका. ‘वन टाइम फोर युअर माइंड’ बाकीच्यांच्या शेजारी सैल पडतं. हुक (गाण्यात फिरून येणारी ओळ) पातळ आहे आणि शब्दांची वीणही इतर गाण्यांइतकी घट्ट नाही. ‘हाफटाइम’ १९९२ मध्ये ‘झेब्राहेड’ चित्रपटाच्या साउंडट्रॅकवर आधीच आलं होतं. त्यातला नास जास्त पोरकट, फुशारकी मारणारा आहे, आणि ‘वन लव्ह’च्या शेजारी ठेवलं की दोन वर्षांतली वाढ उघड दिसते. बायका या अल्बममध्ये जवळपास नाहीत, आणि जिथे आहेत तिथे उल्लेख बरा नाही. यातलं काहीही लिहिल्याने अल्बम लहान होत नाही.

सहाशे-सातशे शब्द पुरे. दहाही ट्रॅकवर एकेक परिच्छेद लिहिलात तर ते रेशनची यादी होईल. चार गाणी निवडा. बीट, बार, हुक, लूप हे शब्द तसेच ठेवा, त्यांना संस्कृत मुलामा देऊ नका.

खर्डा झाला की रॅप अजिबात न ऐकणाऱ्या माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तो ‘म्हणजे काय की?’ म्हणेल तिथे पेन्सिलने खूण करा. जिथे तो ‘लाव की जरा’ म्हणेल तिथे दुहेरी खूण करा, आणि तो परिच्छेद उचलून सर्वांत वर न्या.