गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रादेशिक आकडे कसे वाचावेत

दोन प्रदेशांतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दर शेजारी ठेवले की लगेच कारणे शोधण्याचा मोह होतो; परंतु ते दर मुळात तुलना करण्याजोगे आहेत का, हे आधी तपासावे. समजा, प्रत्येकी १ लाख स्त्रियांच्या दोन प्रदेशांत चाळिशीच्या आतील स्त्रियांमध्ये वर्षाला लाखामागे ५ आणि चाळिशीपुढील स्त्रियांमध्ये लाखामागे ४० असा अगदी सारखाच धोका आहे. पहिल्या प्रदेशात चाळिशीपुढील स्त्रिया ४० हजार असतील, तर वर्षाला १९ रुग्ण सापडतील. दुसऱ्यात त्या २० हजारच असतील, तर १२. धोका तोच असून केवळ वयोरचनेमुळे पहिला प्रदेश दीडपट ‘आजारी’ दिसतो. म्हणून वयानुसार प्रमाणित केलेला, म्हणजे दोन्हीकडे वयोरचना एकसारखी धरून काढलेला दरच वापरावा.

त्यानंतर मोजणीकडे पाहावे. जेथे कर्करोग नोंदणी अपुरी आहे, तेथे कमी दराचा अर्थ कमी आजार असा लावू नये. जेथे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होते, तेथे गर्भाशयमुखच न उरलेल्या स्त्रियाही एकूण संख्येत धरल्या जातात आणि दर प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. नव्या रुग्णांचा दर आणि मृत्युदर हेही वेगळे ठेवावेत, कारण मृत्युदरात निदानाला झालेला उशीर आणि उपचारांची दुर्लभता मिसळलेली असते.

आकडे असे पारखून घेतल्यावर कारणांकडे वळावे. या कर्करोगाच्या जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग आढळतो आणि सुमारे ७० टक्के रुग्णांमागे या विषाणूचे १६ व १८ हे दोनच प्रकार असतात. हा संसर्ग अत्यंत सर्वसामान्य असून बहुतेक स्त्रियांमध्ये एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे संसर्ग किती जणींना झाला, याइतकाच तो कोठे टिकून राहिला आणि कोठे वेळीच पकडला गेला नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संसर्ग टिकून राहण्याच्या कारणांत प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या एचआयव्हीचा विचार सर्वप्रथम करावा. एचआयव्हीबाधित स्त्रियांना या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. २०२० च्या जागतिक अंदाजात वयप्रमाणित दराची जागतिक सरासरी लाखामागे १३ च्या आसपास असताना, एचआयव्हीचे प्रमाण अतिशय जास्त असलेल्या इस्वातिनी (पूर्वीचा स्वाझीलँड) या आफ्रिकी देशात तो ८४ च्या घरात होता. धूम्रपान, अनेक बाळंतपणे आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा दीर्घकाळ वापर हे घटकही धोक्यात भर घालतात, पण एचपीव्हीच्या संसर्गाविना ते एकटे हा आजार घडवत नाहीत.

माझ्या मते सर्वाधिक वेळ तपासणीच्या इतिहासावर द्यावा. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात आणि त्या काळात कर्करोगपूर्व अवस्था सापडली, तर साध्या उपचाराने ती थांबवता येते. फिनलंडने १९६० च्या दशकात ठरावीक वयाच्या स्त्रियांना नियमित बोलावणे धाडून पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) सुरू केली आणि पुढील काही दशकांत तेथील मृत्युदर सुमारे ८० टक्क्यांनी घटला. म्हणून आजचा दर आजच्या सुविधांशी ताडून पाहू नये. दोन दशकांपूर्वी तेथील स्त्रियांना तपासणी मिळत होती का, तिची सोय घरापासून किती दूर होती आणि दोष आढळल्यावर उपचार झाले का, याची माहिती मिळवावी. ही माहिती न घेताच जास्त दराचे खापर तेथील स्त्रियांच्या वर्तनावर फोडले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय ते शास्त्रालाही धरून नाही, कारण प्रदेशाच्या सरासरीवरून एकेका स्त्रीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

एचपीव्हीविरोधी लसीकरणाचा परिणाम मात्र एकूण दरात शोधू नये. रवांडाने २०११ मध्ये मुलींसाठी राष्ट्रीय पातळीवर लसीकरण सुरू केले. त्या मुली अजून तरुण आहेत आणि बहुतांश रुग्ण त्यांच्याहून मोठ्या, लस न मिळालेल्या पिढीतील असतात. अशा ठिकाणी जन्मवर्षांनुसार गट पाडून, लस मिळालेल्या वयोगटाची तुलना त्याच वयाच्या आधीच्या पिढीशी करावी.