बेताच्या पगारात क्रेडिट कार्डाची थकबाकी कशी फेडावी

गारमेंटच्या कारखान्यात शिलाईवर, नवी पेठेतल्या कापड दुकानात काउंटरवर, चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टवर. सोलापुरात पंधरा-वीस हजारांत घर चालवणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे आता क्रेडिट कार्डही आहे. दवाखान्याचं बिल, मुलीची फी, घरातलं एखादं लग्न, आणि बघता बघता कार्डावर साठ हजार चढतात. मग दर महिन्याला काहीतरी भरत राहायचं, तरी आकडा हलत नाही. आकडा का हलत नाही हे एकदा कळलं की पुढचा मार्ग सापडतो. म्हणून सुरुवात बिलापासून करू.

आधी बिल नीट वाचा

बँकेच्या ॲपमधून शेवटची तीन स्टेटमेंट काढा आणि वहीच्या एका पानावर चारच गोष्टी लिहा: एकूण थकबाकी, महिन्याचा व्याजदर, किमान भरायची रक्कम म्हणजे मिनिमम ड्यू, आणि भरायची शेवटची तारीख म्हणजे ड्यू डेट. व्याजदर बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. बऱ्याच कार्डांवर तो महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतो. ऐकायला कमी वाटतो, पण वर्षाचा हिशोब ३६ ते ४५ टक्क्यांवर जातो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

समजा थकबाकी ६०,००० आणि दर साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये, त्यावरचा जीएसटी ३७८. एकूण २,४७८. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के धरला तर ३,०००. तुम्ही पोटाला चिमटा काढून ते तीन हजार भरलेत, पण कर्ज कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी. मिनिमम भरल्याने लेट फी टळते आणि खातं थकीत धरलं जात नाही, एवढंच. कर्ज तिथेच राहतं.

व्याजाला सरकारी मर्यादा असेल, कधीतरी सूट मिळेल, या आशेवर थांबू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त दर अनुचित ठरवला होता. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

कार्डाचा वापर पूर्ण थांबवा

मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज चारशे रुपयांचं तेल कार्डावर घेतलंत तर त्यावर आजपासूनच व्याज लागतं. त्यामुळे फेडणं आणि वापरणं एकाच वेळी जमत नाही.

कार्ड कपाटात ठेवून भागत नाही, कारण नंबर मोबाईलमध्ये असतो. खरेदीच्या आणि रिचार्जच्या ॲपमधून कार्ड काढून टाका. रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर ते आधी तोडा, कारण किराणा दुकानातला क्यूआर स्कॅन करताना पैसे खात्यातून गेले की कार्डातून, हे लक्षातही येत नाही. दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी बंद करा. मग बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, टॅप आणि परदेशी व्यवहार हे तिन्ही बंद करून ठेवा. लिमिट कमी करायची सोय असेल तर तीही कमी करा. यातल्या कशानेही बिल भरायला अडथळा येत नाही.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. एटीएममधून कार्डावर रोख काढू नका. त्यावर फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून. आणि मशीनवर कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख देणाऱ्यांकडे जाऊ नका. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाच्या पैशाने भरलं की दर फेरीला हे दोन-तीन टक्के कर्जातच जमा होतात.

भरण्याआधी व्याज खाली आणा

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. जास्त कमवा, जास्त भरा, हा सल्ला द्यायला सोपा आहे, पण अठरा हजारांच्या पगारातून आणखी दोन हजार काढायचे कुठून? तेवढेच पैसे कमी व्याजाच्या कर्जावर भरणं त्यापेक्षा खूप सोपं.

वरच्या साठ हजारांवर महिन्याला ४,००० भरले आणि कार्डाचंच व्याज चालू राहिलं, तर फिटायला २४ महिने लागतात आणि व्याज-जीएसटीत सुमारे ३५,५०० जातात. तीच थकबाकी बँकेकडून वर्षाला १८ टक्के दराच्या १८ महिन्यांच्या ईएमआयमध्ये बदलून घेतली, तर हप्ता बसतो साधारण ३,८३० आणि वर थोडा जीएसटी. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम जवळपास तीच, पण कर्ज सहा महिने आधी संपतं आणि वरचा भुर्दंड प्रोसेसिंग फी सोडून सुमारे १०,५०० वर येतो. पंचवीस हजारांचा फरक!

त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये ‘बॅलन्स ईएमआय’सारखा पर्याय शोधा किंवा कस्टमर केअरला फोन करा. फोनवर चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर, वार्षिक दर किती, प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, आणि सगळं मिळून मी एकूण किती भरणार. ‘महिन्याला फक्त एक टक्का फ्लॅट’ असं सांगितलं तर थांबा. फ्लॅट दरात मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज लागतं. १८ महिन्यांसाठी महिना एक टक्का फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरातलं कर्ज. तरीही ते कार्डापेक्षा स्वस्तच आहे, पण काय घेतोय ते माहीत असावं. आणि ईएमआय झाल्यावर दर महिन्याचं बिल पूर्ण भरायचं. हप्ता बिलातच येतो, तो अर्धवट राहिला की त्यावर पुन्हा कार्डाचं व्याज चढतं.

बँक तयार नसेल तर बाहेरचे मार्ग आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेचं सोनेतारण कर्ज कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळतं. घरातलं सोनं बहुतेक वेळा बायकोचं किंवा आईचं असतं, म्हणून तिला बिल दाखवा, सगळा हिशोब सांगा आणि तिने मनापासून हो म्हटलं तरच ते ठेवा. जुनी एलआयसी पॉलिसी असेल तर तिच्यावरही कर्ज मिळतं. पतसंस्था सोलापुरात गल्लोगल्ली आहेत, पण तिथे जामीनदार लागतात. हप्ता नक्की जाईल अशी खात्री असेल तरच मित्राला किंवा मेव्हण्याला जामीन राहायला सांगा.

सावकाराकडे जाऊ नका. शेकडा पाच, शेकडा दहा हा दर महिन्याचा असतो. कार्डाचं साडेतीन टक्क्यांचं कर्ज फेडायला दहा टक्क्यांचं घेण्यात कसलाच हिशोब बसत नाही. विनापरवाना सावकारीविरुद्ध महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे. त्रास होत असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

रक्कम ठरवा आणि पैसे हातात येतील त्या दिवशी भरा

आधी भाडं, वीज, फी, औषधं आणि किराणा बाजूला काढा. ज्वारी-डाळीत आणि मुलांच्या दुधात काटकसर करून कार्ड फेडू नये, असं मला ठामपणे वाटतं. उरलेल्यातून जी रक्कम वर्षभर टिकेल तीच ठरवा. एक महिना आठ हजार आणि पुढचे दोन महिने कोरडे, यापेक्षा दरमहा चार हजार चांगले. हजारभर रुपये मात्र बँकेत तसेच राहू द्या, नाहीतर गाडी पंक्चर झाली तरी कार्ड बाहेर येतं.

कार्डाचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. म्हणून ईएमआय केलेला नसेल तर ड्यू डेटची वाट पाहण्यात तोटा आहे. यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर आठवड्याला पैसे मिळतात, त्यांनी दर आठवड्याला हजार रुपये यूपीआयने कार्डात टाकावेत. महिन्यात कितीही वेळा भरता येतं. एक काळजी घ्या: बिल निघाल्यापासून ड्यू डेटपर्यंतच्या काळात मिनिमम ड्यूएवढी रक्कम पूर्ण झाली पाहिजे, नाहीतर लेट फी लागते. बिलाआधी भरलेले पैसे त्यात धरले जात नाहीत.

पगार दहा तारखेला आणि ड्यू डेट चारला, अशी ओढाताण असेल तर बिलाचं चक्र बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ही मुभा निदान एकदा द्यावीच लागते. उशीर झालाच तर ड्यू डेटनंतर तीन दिवसांपर्यंत लेट फी लावता येत नाही. व्याज मात्र चालूच राहतं.

भिशी लागली, दिवाळीचा बोनस आला, की त्यातला मोठा भाग त्याच दिवशी कार्डावर टाका. गड्ड्याच्या जत्रेला पोरांना घेऊन जरूर जा, फक्त खर्चाचे पैसे रोख न्या.

कार्डं दोन-तीन असतील तर आधी कुठलं? शास्त्र सांगतं, जास्त व्याजाचं. पण बहुतेक कार्डांचे दर जवळपास सारखेच असतात, त्यामुळे सगळ्यात कमी बाकी असलेलं आधी संपवा. बाकीच्यांवर तोवर मिनिमम भरत राहा. एक बिल कायमचं थांबलं की तिथले पैसे दुसऱ्याकडे वळवता येतात. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा दर कार्डापेक्षा जास्त असेल तर मात्र पहिला नंबर त्याचा.

मिनिममही भरणं शक्य नसेल तर

काम सुटलं, कारखाना बंद पडला, घरात आजारपण आलं. अशा वेळी फोन बंद करून बसू नका. बँकेला ईमेल करा, कारण सांगा, कागद जोडा आणि हप्ते पाडून मागा. कार्डाचं बिल भरता आलं नाही म्हणून थेट तुरुंगवास होत नाही, ही दिवाणी देण्याची बाब आहे. कोणी ‘उद्या पोलीस येतील’ म्हणालं तर घाबरू नका. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, शेजाऱ्यांना किंवा मालकाला सांगून बदनामी करायची नाही. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

तडजोड, म्हणजे सेटलमेंट, हा अगदी शेवटचा उपाय. रक्कम कमी होते, पण क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्ज मागताना तो आडवा येतो. करायचीच वेळ आली तर बँकेचं पत्र आधी हातात घ्या आणि पैसे फक्त कार्डाच्या खात्यात भरा, एजंटाच्या वैयक्तिक नंबरवर कधीच नाही. लोकअदालतीची नोटीस आली तर टाळू नका, तिथे हप्ते पाडून घेण्यावर बोलता येतं. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढीच रक्कम कबूल करा.

शून्य झाल्यावर

पूर्ण बाकी भरली तरी पुढच्या बिलात दोन-चारशे रुपये येऊ शकतात. बिल निघाल्यापासून तुम्ही भरलंत त्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं. ‘सगळं फिटलं’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष झालं तर त्यावर लेट फी चढते. ते भरा, त्याच्या पुढचं बिल शून्य आलंय हे पाहा आणि बँकेकडून ‘नो ड्यूज’ पत्र मागून घ्या.

कार्ड नको असेल तर लेखी विनंती करा. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायला हवं. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. महिना-दीड महिन्याने क्रेडिट अहवाल काढून बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. त्यात खातं ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. नसेल तर नो ड्यूज पत्र जोडून त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर दुरुस्तीचा अर्ज भरा.