परदेशात फिजिओथेरपिस्ट व्हायचे असेल, तर तयारी सोलापुरातच सुरू करावी

बीपीटीची (फिजिओथेरपीतील पदवी अभ्यासक्रमाची) पदवी हातात आली की परदेशातील नोकरीच्या जाहिराती धुंडाळण्याकडे बहुतेकांचा ओढा असतो. प्रत्यक्षात नोकरीच्या आधी नोंदणी येते आणि तिचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये ‘फिजिओथेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित असल्यामुळे एचसीपीसीकडे (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या परिषदेकडे) नोंदणी झाल्याशिवाय ती लावताही येत नाही. अमेरिकेत पदवीचे मूल्यमापन झाल्यावर एनपीटीई ही फिजिओथेरपिस्टसाठीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते व परवाना त्या त्या राज्याकडून मिळतो. ऑस्ट्रेलियात लेखी परीक्षेनंतर रुग्णतपासणीची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि त्यासाठी तिथे जावेच लागते. म्हणून आधी देश एकच ठरवावा.

सर्वांत जास्त वेळ कागदपत्रांत जातो. महाविद्यालय सोलापुरात असले तरी पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल, तर ट्रान्सक्रिप्टचा (विषय व गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज तिकडेच करावा लागतो. विषयवार तास आणि क्लिनिकल पोस्टिंगचे, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामाचे, तास यांची माहिती मात्र महाविद्यालयाकडून सही-शिक्क्यासह घ्यावी, तीही इंटर्नशिप संपण्याआधी, कारण शिकवणारे सर-मॅडम बदलून गेले की तीच सही मिळवणे फार अवघड होते. फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेची नोंदणी चालू ठेवावी. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि पदवी यांवरील नाव अक्षरन्‌अक्षर सारखे आहे का, हेही आत्ताच पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर अवश्य.

पण ज्यावर खरी भिस्त आहे, ते म्हणजे अर्जात द्यायचे तुमच्या कामाचे वर्णन. इथल्या अनेक ओपीडींत यंत्रमागावर काम करणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘कंबरदुखी, आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचा शेक), सात दिवस’ एवढेच लिहिले जाते. ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीविनाही फिजिओथेरपिस्टकडे येऊ शकतो, त्यामुळे निदानाची जबाबदारी तुमच्यावर असते. लघवीवरचा ताबा गेला आहे का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, हे विचारले आणि नसांवर गंभीर दाब असल्याची ही लक्षणे दिसताच रुग्णाला तातडीने पुढे पाठवले, हे नोंदीत दिसले पाहिजे. रुग्णाची संमती, कामाच्या पूर्ण पाळीत उभे राहता यावे असे त्याच्याशी बोलून ठरवलेले उद्दिष्ट, आणि सुधारणा कशी मोजली, हेही लिहावे. विड्या वळणाऱ्या बायकांच्या मानदुखीचे रुग्ण सोलापुरात मुबलक आहेत. त्यांच्या बसण्याच्या पद्धतीत तुम्ही काय बदल सुचवलात आणि त्याने काय झाले, ही नोंद परदेशी परीक्षकालाही तुमची विचारपद्धती नेमकी दाखवते. रुग्णाचे नाव मात्र कुठेही येऊ देऊ नये.

इंग्रजीच्या पुराव्यासाठी एचसीपीसी आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7 आणि कोणत्याही विभागात 6.5पेक्षा कमी नाही, अशी अट घालते. लेखनाच्या विभागात मुले जास्त अडकतात, म्हणून सरावाची सुरुवात तिथूनच करावी. परीक्षा पुण्यात असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसच्या भरवशावर त्याच दिवशी न जाता आदल्या दिवशी पोहोचावे.

एजंटाकडे जायचेच असेल, तर व्हिसा आणि प्रवासापुरते जावे. कामाचे वर्णन त्याला लिहू देऊ नये; पुढे मुलाखतीत त्याच मजकुरावर प्रश्न येतात आणि उत्तरे तुम्हालाच द्यायची असतात.