पिल्लांचं खाणं-पाणी: पहिले आठ आठवडे

अंड्यातून बाहेर येताना कोंबडीच्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला भाग असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकतं. म्हणून आणल्याबरोबर दाणे टाकायची घाई नको. आधी पाणी. प्रत्येक पिल्लाची चोच कोमट पाण्यात अलगद एकदा बुडवा, नाकपुड्या बुडू देऊ नका. एकाला पाणी सापडलं की बाकीची त्याचं बघून शिकतात. खाद्य त्यानंतर तास-दोन तासांनी.

पाण्याचं भांडं उथळ हवं. साधी ताटली वापरत असाल तर तीत स्वच्छ गोटे भरा, नाहीतर झोपाळलेलं पिल्लू तिथेच बुडतं किंवा भिजून गारठतं. भांड्याची कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि ती वाढतील तशी वर घ्या. एवढ्यानं पाण्यात भुसा आणि विष्ठा पडणं बरंच कमी होतं.

खाद्य म्हणजे चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य, चुरा किंवा मॅश (दळलेल्या) स्वरूपातलं. अंड्यांच्या जातीला १८ ते २० टक्के प्रथिनं पुरतात, मांसासाठीच्या ब्रॉयलरला २१ ते २३ टक्के लागतात. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य घरात आहे म्हणून तेच घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडं खराब करतं आणि ते बाहेरून लवकर दिसतही नाही.

पहिले दोन दिवस खाद्य खरखरीत कागदावर पसरा, टोचायला सोपं जातं. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात आणि तसेच राहू शकतात. मग फीडर, म्हणजे खाद्याचं भांडं, लावा. सुरुवातीला पिल्लामागे अडीच सेंटिमीटर जागा पुरते, महिन्याभरात ती दुप्पट लागते. जागा कमी पडली की दुबळी पिल्लं मागे राहतात. खाद्य मोजून घालायचं नाही, सतत समोर हवं. अंदाजासाठी: अंड्यांच्या जातीचं एक पिल्लू सहा आठवड्यांत साधारण एक किलो खाद्य संपवतं.

पोट भरलंय का हे हातानं कळतं. रात्री पिल्लू उचलून मानेच्या खाली, छातीच्या उजव्या बाजूला बोट लावा. अन्नपिशवी फुगलेली आणि मऊ लागली की ठीक. रिकामी असेल तर फीडर बदलण्याआधी ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना दिव्यानं ऊब देणाऱ्या जागेची, ऊब बघा: पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. गारठलेली पिल्लं दिव्याखाली घोळका करून बसतात, खायला जातच नाहीत.

गुदद्वारावर विष्ठा चिकटून वाळली की मार्ग बंद होतो आणि पिल्लू दगावतं. पहिला आठवडा रोज बघा. ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून सोडवा आणि पिल्लू पूर्ण कोरडं करूनच परत ठेवा.

भात, पोळी, पालेभाजी हे लाड दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. स्टार्टर पाण्यानं विरघळतं, बाकीचं दळायला गिझार्डमध्ये, म्हणजे अन्न दळणाऱ्या पोटाच्या भागात, बारीक खडी लागते. शिंपल्यांचा चुरा म्हणजे खडी नव्हे, तो कॅल्शियमसाठी असतो.

रक्ती हगवण टाळायला काही स्टार्टरमध्ये अँप्रोलियम हे औषध असतं. पिल्लांना त्याच रोगाची लस दिलेली असेल तर साधं खाद्य घ्या, नाहीतर औषध लशीचं काम बिघडवतं. अँप्रोलियम जीवनसत्त्व बी-१ ची वाट अडवून काम करतं, त्यामुळे सोबत पाण्यात बी-१ चं टॉनिक घालणं म्हणजे स्वतःच औषध मारणं. पिल्लं पंख पाडून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर खाद्यातली मात्रा पुरत नाही. त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

ओलं किंवा कुबट वासाचं खाद्य सरळ फेका. बुरशीचं विष चाळून किंवा वाळवून जात नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य, सुरू करा, आठवडाभर स्टार्टरमध्ये वाढत्या प्रमाणात मिसळून. लेयर खाद्य मात्र अठराव्या आठवड्याच्या सुमारास, किंवा पहिलं अंडं दिसल्यावर.