बद्धकोष्ठतेच्या औषधांवर पैसा वाहून जातोय? या चुका टाळा

पोट साफ होण्याचं औषध महाग पडतंय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "स्वस्त कुठे मिळेल?" मग जळगावात कोणत्या मेडिकलवर सूट जास्त आहे, धुळ्याहून कोणी आणून देईल का, याची चौकशी सुरू होते. चौकशी जरूर करा, पण ती नंतरची गोष्ट. या औषधांचा खर्च ठरतो तो आपण डॉक्टरांसमोर बसलेलो असतो तेव्हा. तिथे विचारायचं राहून गेलं की पुढे महिनोन्‌महिने खिसा रिकामा होत राहतो, आणि कितीही सूट मिळाली तरी तो भरून निघत नाही.

बाकीच्या गोळ्या न दाखवता नवं औषध लिहून घेणं

सर्वांत महाग चूक हीच. आमच्या ओळखीतले पारोळ्याकडचे एक आप्पा पोटाच्या डॉक्टरांकडे जाताना फक्त पोटाची फाइल नेत. गुडघेदुखीची गोळी दुसऱ्या दवाखान्यातली, रक्तवाढीची तिसऱ्या. एकदा सुनेने घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर मांडल्या. लोह, कॅल्शियम, दुखण्यासाठी ट्रामाडॉल. तिन्हींनी मलावरोध होऊ शकतो. आणि तो दूर करायला शेजारी लॅक्टुलोजची बाटली. म्हणजे एका औषधाचा त्रास दुसऱ्या औषधाने निस्तरणं चाललं होतं, दोन्हींचे पैसे आप्पांच्याच खिशातून. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बदलली, लोहाची गोळी वेगळ्या प्रकारची दिली, आणि बाटली रोजची न राहता कधीमधीची झाली.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठीचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठीचं व्हेरापॅमिल, अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधं, यांनीही असंच होतं. थायरॉइड मंद असेल तरीही पोट अडतं, आणि तिथे पोट साफ करणाऱ्या औषधाने मूळ दुखणं जात नाही. मात्र यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पिशवी दाखवा आणि विचारा, "यातलं बदलता येण्यासारखं काही आहे का?"

चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव

"त्याच औषधाचं स्वस्तातलं द्या," असं आपण मेडिकलवाल्याला सांगतो. पण औषध नियमांतल्या 65(11अ) प्रमाणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांबाबत, चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं त्याने परस्पर देऊ नये असं आहे. म्हणून ही विनंती करायची ती डॉक्टरांना: "साहेब, मूळ औषधाचं नाव लिहून द्या." डॉक्टरांच्या आचारसंहितेतही जेनेरिक नाव, तेही सुवाच्य अक्षरात लिहावं असंच म्हटलंय, तेव्हा यात संकोच कसला? लॅक्टुलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट, प्रुकॅलोप्राइड, ल्युबिप्रोस्टोन यांपैकी आपलं कोणतं आणि किती ताकदीचं, हे माहीत झालं की भाव ताडून बघता येतो. 'फार्मा सही दाम' या सरकारी अ‍ॅपवर ब्रँडच्या किमती दिसतात, आणि जवळचं जनऔषधी केंद्र 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर सापडतं. गाडीभाडं खर्च करून तालुक्याला जाण्याआधी औषध शिल्लक आहे का, एवढं फोनवर विचारून घ्या.

एक सावधगिरी. मेडिकलवर "जेनेरिक" म्हणून मिळणाऱ्या स्ट्रिपवरही एमआरपी कधीकधी भरमसाट छापलेली असते आणि तिच्यावर मोठी सूट देतात. सूट किती टक्के मिळाली यापेक्षा एका गोळीला किती रुपये पडले ते पाहा. बाटली असेल तर दर 10 मिलीला किती, असा हिशेब करा.

औषधाला वेळच न देणं

लॅक्टुलोजचा परिणाम दिसायला 24 ते 48 तास लागतात. रात्री घेतलं, सकाळी काही झालं नाही, म्हणून लगेच दुसरी बाटली आणणारे खूप. पहिली कपाटात पडून राहते. प्रुकॅलोप्राइडचं उलट: चार आठवडे नियमित घेऊनही फरक नसेल तर ते पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं असतं. इथे लोक महागडी गोळी आशेवर महिनोन्‌महिने घेत राहतात. ती सुरू करतानाच फेरतपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. 65 वर्षांपुढच्यांना ही गोळी बहुधा 1 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, म्हणून वय आणि किडनीचा त्रास आवर्जून सांगा.

ल्युबिप्रोस्टोन रिकाम्या पोटी घेऊन मळमळलं की अख्खी स्ट्रिप वाया जाते. ते जेवणासोबत, पाण्याबरोबर घ्यायचं असतं.

मापाचा घोळ

"रात्री 3 चमचे" म्हणजे 5 मिलीचे तीन, एकूण 15 मिली. घरातला पोह्याचा चमचा त्याहून मोठाही असतो, आणि भरून घेतला की औषध जास्त जातं, पोट फुगतं, गॅस होतो, बाटली लवकर संपते. बाटलीसोबतचं मापाचं झाकण वापरा. 200 मिलीची बाटली रोज 15 मिलीने तेरा दिवस चालते, 30 मिलीने आठवडाही पुरत नाही. पोट नियमित झाल्यावर डोस कमी करता येईल का, हे विचारण्यातच खरी बचत आहे.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बाटली खिडकीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. लॅक्टुलोज थोडं गडद झालं तर बिघडत नाही, पण फार काळवंडलं किंवा गढूळलं तर वापरू नये.

आणखी काही

पहिल्यांदाच औषध सुरू करताना महिन्याचं एकदम घेऊ नका. मानवलं नाही तर फोडलेली बाटली कोणी परत घेत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कार्डावर ही रोजची औषधं मिळत नाहीत, ती योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. पण सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात साठ्यात काय आहे ते आधी विचारा.

लिनॅक्लोटाइड या बद्धकोष्ठतेवरच्या औषधाची अमेरिकेतली सवलतीची कूपनं इंटरनेटवर दिसतात. ती तिथल्या रुग्णांसाठी, तिथल्याच मेडिकलमध्ये चालतात.

इसबगोल स्वस्त, पण कोरडं किंवा घोटभर पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. ग्लासभर पाण्यात घ्या, वर आणखी पाणी प्या, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. दादर ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि शेतातून आल्यावर पोटभर पाणी हे आपल्या घरात आहेच. कमोडवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पायाखाली एक पाट ठेवा, जोर कमी लागतो. किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियम असलेली पांढरी औषधं डॉक्टरांना न विचारता आणू नका, मग ती कितीही स्वस्त असोत.

इथे काटकसर नको

शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, कमी झालेलं हिमोग्लोबिन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांपैकी काहीही असेल तर औषध बदलून बघण्यात दिवस घालवू नका, तपासणी करून घ्या. पोट फुगून उलट्या होत असतील आणि गॅसही जात नसेल तर पोट साफ करणारं औषध अजिबात घेऊ नका. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.