आउटबोर्ड आणि इथेनॉलचं पेट्रोल: या चुका टाळा

पावसाळा सरला की कोकण किनाऱ्यावर आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या मशीनच्या, मेकॅनिककडे रांग लागते. तक्रार ठरलेली: "मे महिन्यात मशीन चांगलं चालत होतं, आता सुरूच होत नाही." बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो, तीन महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा असतो.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते पुढे २०२५ वर आणलं गेलं. आउटबोर्डच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये मात्र मर्यादा १० टक्क्यांची आहे. रोज समुद्रावर जाणाऱ्या होडीला त्याचा सहसा फार त्रास होत नाही, कारण टाकी रिकामी होते आणि ताजं पेट्रोल येत राहतं. खरी अडचण उभ्या होडीची.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाणी शिरलेलं पेट्रोल ढवळून वापरणं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. २० लिटरच्या टाकीत ४ लिटर इथेनॉल असतं, म्हणजे तळाचा हा थर चांगला जाड होतो, आणि टाकीतला पाईप नेमका तळातूनच ओढतो. टू-स्ट्रोकमध्ये आणखी वाईट: पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, त्यामुळे खालचा थर आत गेला की पिस्टनला वंगणच मिळत नाही. मग मशीन जाम. नवं पेट्रोल ओतून, टाकी हलवून किंवा बाटलीतलं औषध घालून हे दुरुस्त होत नाही. संशय आला तर तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर स्थिर ठेवा. मध्ये रेघ दिसली तर सगळं काढून टाका, पण खाडीत नाही.

हे पाणी येतं कुठून? हवेतल्या बाष्पाला सगळे दोष देतात, पण ते संथपणे शिरतं. जास्त पाणी जातं ते झाकणाच्या झिजलेल्या वायसरमधून आणि पावसात उघड्या राहिलेल्या एअर स्क्रूमधून (टाकीत हवा जाऊ देणारा झाकणावरचा स्क्रू). शंभर रुपयांचा वायसर बदलायला आपण कंजुषी करतो, मग कार्ब्युरेटर खोलून घेतो.

होडी वर काढताना टाकी पूर्ण रिकामी करा. अर्धी ठेवू नका. पाईप काढून मशीन विझेपर्यंत चालवा, पण खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून, नाहीतर इम्पेलर, म्हणजे मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा, जळेल. एवढ्यावर थांबू नका: कार्ब्युरेटरच्या वाटीत चमचा-दोन चमचे पेट्रोल उरतंच, ते तळाच्या स्क्रूने काढा. तेच सुकून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजवतं.

जुन्या मशीनला पहिल्यांदा हे पेट्रोल घातलं की इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं आणि ती फिल्टरमध्ये येऊन अडकते. सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. शक्य असेल तर पाणी वेगळं करणारा बसवा. पाईपवरचा रबरी बल्बही दाबून बघा. चिकट लागला, किंवा दाबल्यावर घट्ट होत नसेल, तर बल्ब आणि पाईप दोन्ही बदला, आणि नवा पाईप इथेनॉलला चालणाराच मागा.