तुर्की नमुना हाती आल्यावर : शिवण-विणकामाचे शब्द कसे लावावेत

क्रोशाची बाहुली, बाळाचा स्वेटर किंवा रुमालाची नाजूक किनार शोधताना विणकामाची आवड असलेला माणूस आज ना उद्या तुर्की नमुन्यापाशी येऊन पोहोचतो. चित्र पाहून मोह होतो, पण मजकूर यंत्राकडून इंग्रजीत उतरवून घेतला की 'घट्ट सुई', 'सरळ दोन, उलटे दोन', 'साचा कापडावर ठेवा' असे काहीतरी समोर येते आणि हात थांबतात. यात यंत्राचा दोष थोडाच आहे. इंग्रजी आणि तुर्की या दोन्ही भाषांनी हातकामाचे शब्द वेगवेगळ्या ठिकाणी तोडले आहेत, त्यामुळे शब्दाला शब्द लावून यादी केली तर ती पहिल्याच ओळीत फसते. माझ्या अनुभवाने मराठी माणसाने इंग्रजीचा वळसा शक्य तेथे टाळावा, कारण आपल्या बायकांनी रूढ केलेले शब्द तुर्की शब्दांच्या बरेच जवळ आहेत.

आरंभ अक्षरांपासून करावा. तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली आणि काही अक्षरांना नवे उच्चार दिले. 'सी' हे अक्षर ज असे उच्चारायचे आणि त्याखाली शेपटी असली तर च. 'एस'खाली शेपटी असली तर श. 'जी'वर चंद्रकोर असली तर त्याचा स्वतंत्र उच्चार होत नाही, आधीचा स्वर फक्त लांबतो किंवा पुढच्या अक्षरात मिसळतो, म्हणून सुईसाठी असलेला शब्द 'इने' असा ऐकू येतो. 'आय' दोन प्रकारचा असतो : ठिपक्याचा 'इ' आणि बिनठिपक्याचा, जो आपल्या 'अ'च्या जवळचा आहे. हा ठिपका क्षुल्लक समजू नये. क्रोशातला सर्वांत नेहमीचा टाका 'सक इने' शोधताना बिनठिपक्याच्या जागी ठिपक्याचा 'आय' टंकला, तर पहिला शब्द एक ग्राम्य शिवी होतो. फोनवर तुर्की कळफलक आधीच बसवून घेणे हा यावरचा सोपा इलाज आहे.

त्यानंतर शब्दांची वही करावी, पण ती वर्णानुक्रमे नव्हे तर कामानुसार विभागून. याचे कारण असे की इंग्रजीत 'नीडल' हा एकच शब्द शिवणाच्या आणि विणकामाच्या दोन्ही सुयांना चालतो, तर तुर्कीत शिवणाची सुई 'इने', विणकामाची सुई 'शिश' (शिश कबाबातली शिश ती हीच) आणि क्रोशाची आकडी 'तऽ' असे तीन वेगळे शब्द आहेत. 'स्टिच'चेही तेच आहे. कापडावरची शिवण ती 'दिकिश', सुईवर किंवा आकडीवर असलेला फंदा तो 'इल्मेक', आणि भरतकामातल्या टाक्यांची नावे बहुधा 'इशी' म्हणजे 'काम' या शब्दाने संपतात. 'पॅटर्न' या शब्दाचे तर चार तुकडे होतात : कागदी कटिंग म्हणजे 'कालप' किंवा 'पात्रोन', कापडावरची नक्षी म्हणजे 'देसेन', विणीचा नमुना म्हणजे 'मोदेल' किंवा 'ओर्नेक', आणि कृती लिहून दिलेली असेल तर 'तारिफ'. या शेवटच्या शब्दावर आपण अडखळतो, कारण आपली तारीफ म्हणजे स्तुती. तुर्कीत मात्र ते वर्णन किंवा कृती आहे, आणि स्वयंपाकाच्या कृतीलाही तोच शब्द आहे.

क्रोशाच्या पानावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण खरा घोटाळा तिथे आहे आणि तो तुर्कीचा नसून इंग्रजीचा आहे. अमेरिकन पुस्तकातला 'सिंगल क्रोशे' म्हणजेच ब्रिटिश पुस्तकातला 'डबल क्रोशे', आणि अमेरिकन 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. मी एकदा ब्रिटिश पुस्तकातल्या 'डबल'समोर तुर्की 'त्रब्झान' लिहून ठेवले आणि त्या यादीवरून विणलेली तान्ह्या बाळाची टोपी माझ्या डोक्यावरही सैल बसली. यातून धडा घेऊन मी इंग्रजी नावे खोडून टाकली आणि प्रत्येक तुर्की शब्दासमोर हाताची कृती व मराठी नाव लिहिले. आकडीला धागा न गुंडाळता केलेला टाका म्हणजे 'सक इने', आपला मुका खांब. एकदा धागा गुंडाळून केलेला 'त्रब्झान', म्हणजे आपला खांब. आणि गंमत अशी की 'त्रब्झान' हा शब्द जिन्याच्या कठड्याचाही आहे, तेव्हा खांब आणि कठडा हे दोन्ही भाषांना एकाच टाक्यात दिसले. 'यारम त्रब्झान' म्हणजे अर्धा खांब, 'झिन्जिर' म्हणजे साखळी. त्याहून उंच खांबांच्या नावांत लिहिणाऱ्यागणिक फरक पडतो, म्हणून 'इकिली' किंवा 'चिफ्त' (दुहेरी) असे विशेषण दिसले की नावावर विसंबू नये, धागा किती वेळा गुंडाळला आहे हे चित्रात किंवा चित्रफितीत मोजावे.

क्रोशाच्या बाहुल्यांच्या नमुन्यांत तुर्की लेखिका फार आटोपशीर संक्षेप वापरतात. 'एक्स' म्हणजे मुका खांब, 'व्ही' म्हणजे एका घरात (आधीच्या फेरीतल्या एका टाक्यात) दोन मुके खांब घालून केलेली वाढ, 'ए' म्हणजे दोन घरे एकत्र घेऊन केलेली घट. या तिन्ही खुणा ओळखल्या की बराचसा नमुना भाषेशिवाय वाचता येतो. उदाहरणार्थ, पहिल्या फेरीत 'सिहिर्ली हाल्का', म्हणजे जादूचे कडे (धागा ओढून आवळता येणारे), आणि त्यात ६ एक्स. दुसऱ्या फेरीत ६ व्ही, पुढे कंसात १२. तिसऱ्या फेरीत 'एक्स, व्ही' हा जोड ६ वेळा, कंसात १८. कंसातला आकडा हा फेरीअखेर असायला हवी ती घरांची संख्या असतो. आपली मोजणी त्याच्याशी जुळली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही, उसवावेच लागते.

दोन सुयांच्या विणकामात मराठी माणसाला फारसे शिकावे लागत नाही. 'द्यूझ' म्हणजे सुलट, 'तेर्स' म्हणजे उलट, आणि '२ द्यूझ २ तेर्स' हे वाक्य आपल्याकडे स्वेटर विणणारी आजी जसे म्हणेल तसेच आहे. सगळ्या ओळी सुलट विणल्या की 'हारोशो', सुलट-उलट आलटून पालटून केलेली ताणदार पट्टी 'लास्तिक', आणि दर ओळीत सुलट-उलट एका घराने सरकवल्यावर दाणेदार दिसणारी वीण 'पिरिन्च', म्हणजे तांदूळ. 'सेलानिक' ही वीण थेस्सालोनिकी शहराच्या तुर्की नावाने ओळखली जाते. 'लास्तिक' शब्द इलॅस्टिकलाही असल्यामुळे, शिवणाच्या नमुन्यात तो आला तर विणायला बसू नये.

शिवणकामात फ्रेंच आणि फारसी असे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. 'फेर्मुआर' म्हणजे चेन, 'पेन्स' म्हणजे डार्ट, 'बिये' म्हणजे पायपिनची पट्टी, 'दान्तेल' म्हणजे लेस. हे फ्रेंचांकडून आले. 'अस्तार' म्हणजे अस्तर, 'नाकश' म्हणजे भरतकाम, जे आपल्या नक्षीच्या घरातले आहे, 'तेर्झी' म्हणजे शिंपी, हिंदीतला दर्जी. तिरप्या कापाला तुर्कीत 'वेरेव' म्हणतात. आपल्याकडच्या शिंप्याचा 'उरेब' त्याच फारसी कुळातला आहे. तरी ओळखीच्या चेहऱ्याने फसू नये : 'केसे' हा शब्द आपल्या 'खिशा'चा भाऊ असला तरी तुर्कीत तो पिशवी किंवा थैली आहे, कपड्याचा खिसा मात्र 'जेप'. शिवणीसाठी सोडतात त्या कापडाला आपण 'माया' म्हणतो आणि तुर्क 'दिकिश पायी', शिवणीचा वाटा, म्हणतात. इंग्रजी 'अलाउन्स' या शब्दातून यंत्र येथे 'भत्ता' काढते. टिच बटणाला त्यांनी 'चतचत' म्हटले आहे, आपल्याइतकेच कानाने ऐकून. 'यूझ' म्हणजे कापडाची सुलट बाजू, पण हाच शब्द 'चेहरा' आणि 'शंभर' असाही होतो, म्हणून 'यूझ यूझे' दिसले की सुलट बाजूंना समोरासमोर ठेवून शिवायचे, एवढे लक्षात ठेवावे. मापासाठी आधी कच्चे कापड कापून पाहायचे असेल तर नमुन्यात 'आमेरिकान बेझी' लिहिलेले सापडेल. आपण त्या जागी मांजरपाट घ्यावा.

नमुन्यातला शब्द शब्दकोशात सापडत नाही, अशी वेळ येते तेव्हा प्रत्यय काढून पाहावेत. मराठीत 'दोरा'चे 'दोऱ्याला' होते तसे तुर्कीत 'इल्मेक'चे 'इल्मेये' आणि 'कालप'चे 'कालबऽ' होते. शेवटचा क गळून चंद्रकोरीचा 'जी' येतो आणि प चा ब होतो. क्रियापदे 'मेक' किंवा 'माक' याने संपणाऱ्या मूळ रूपात शोधावीत. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या 'तुर्क दिल कुरुमु' या भाषासंस्थेचा कोश इंटरनेटवर पाहता येतो आणि तो अर्थाच्या बारकाव्यांसाठी भरवशाचा आहे. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दाच्या मागे हा क्रम आपल्यासारखाच असल्यामुळे 'कुमाशऽ इकिये कात्लायन' हे वाक्य 'कापड दोनात दुमडा' असे जागच्या जागी उलगडते. इंग्रजीत ते उलटे करावे लागते आणि मग पुन्हा मराठीत सुलटे.

भरतकामात 'हेसाप इशी' हे नाव पाहून मला फार बरे वाटले : 'हेसाप' म्हणजे हिशेब, आणि कापडाचे धागे मोजून भरायचे ते हे काम. फुलीच्या टाक्याला 'कानाविचे' म्हणतात, रिंगला 'कासनाक', साखळी टाक्याला 'झिन्जिर इशी', देठाच्या टाक्याला 'साप इशी'. 'साप' म्हणजे देठ, त्याने दचकू नये. डोक्याच्या रुमालाला विणलेली किनार ती 'ओया', आणि सुई, आकडी, धोटा यांपैकी कशाने केली त्यावरून तिची पोटनावे पडतात. मराठीत तिला स्वतंत्र शब्द नाही, म्हणून 'लेस' असे भाषांतर न करता 'ओया' तसेच ठेवावे असे माझे मत आहे. भरीव टाका म्हणजे 'सार्मा', शब्दशः गुंडाळणे. तो शोधताना पुढे 'नाकश' जोडायला विसरू नये, कारण नुसते 'सार्मा' शोधले तर द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताची छायाचित्रेच पानोपानी येतात.